जुन्या प्रेमकथांवरून लिहिलेल्या नव्या कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कुठली पुस्तकं?

जेन ऑस्टेन, शार्लट ब्रॉन्टे, एमिली ब्रॉन्टे यांच्या ज्या कादंबऱ्या 1811 ते 1847 या काळात आल्या, त्यातल्या प्रेमकथा घेऊन आजच्या लेखकांनी जे नवीन लिहिलंय ते. कोणी तीच गोष्ट उचलून आजच्या टोरांटोत ठेवतं, कोणी काळ तोच ठेवून स्वयंपाकघरातून सांगतं, कोणी मूळ पुस्तक संपलं तिथून पुढे चालू करतं, कोणी सरळ झोम्बी घुसवतं. या सगळ्याला रीटेलिंग म्हणतात, मीही खाली तेच म्हणणारे. जास्त बोलणं ऑस्टेनबद्दल होईल कारण तिच्यावर ढिगाने लिहिलं गेलंय आणि खरं सांगायचं तर माझाही कल तिकडेच आहे.

ही चक्क कॉपी नाही का? स्वतःची गोष्ट सुचत नाही म्हणून दुसऱ्याची घ्यायची?

निदान आपण मराठी लोकांनी तरी हे विचारू नये! ययातीची गोष्ट महाभारतातली, खांडेकरांनी 1959 मध्ये त्यावर कादंबरी लिहिली आणि पुढे 1974 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. एकट्या कर्णावर 'मृत्युंजय'पण आहे आणि 'राधेय'पण आहे आणि कित्येक घरांत दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात. कर्ण मरणार हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असतं, तरी वाचतोच ना, कारण सांगणारा कुठे उभा राहून सांगतोय ते बघायचं असतं. इथेही तसंच. ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या लिझी (म्हणजे एलिझाबेथ बेनेट) आणि डार्सीचं जमणार हे सगळ्यांना माहितीय, प्रश्न एवढाच की या वेळी कसं आणि काय आडवं येणार.

पण कायद्याने चालतं का हे?

ऑस्टेन 1817 मध्ये गेली, एमिली 1848 आणि शार्लट 1855 मध्ये, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवर आता कोणाचा कॉपीराइट नाही, कोणीही काहीही करा. भारतात लेखक गेल्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. डॅफ्नी द्यु मोरिये 1989 मध्ये गेली, म्हणजे तिची कादंबरी 'रेबेका' आपल्याकडे 2049 संपेपर्यंत हक्कात आहे, तिच्यावर काही लिहायचं तर परवानगी काढा.

अमेरिकेत यावरून एक गाजलेली केस झाली. 'गॉन विथ द विंड'ची गोष्ट ॲलिस रँडलने गुलाम बाईच्या मुलीच्या तोंडून सांगितली, 'द विंड डन गॉन' नावाने, 2001 मध्ये. मूळ लेखिका मार्गारेट मिचेलच्या वारसांच्या बाजूने कोर्टात गेले, आधी पुस्तकावर बंदीचा हुकूम आला, मग वरच्या कोर्टाने तो उठवला आणि 2002 मध्ये तडजोड झाली. मूळ पुस्तकाला उलट उत्तर देणारं लिखाण आणि मूळ पुस्तकाचा धंदा पळवणारं लिखाण यात फरक आहे, सगळा वाद तिथेच फिरत होता.

मूळ पुस्तक वाचलंच नाहीये, चालेल का?

पुस्तकावर आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरच्या 'आयेशा ॲट लास्ट' किंवा 'अनमॅरिजेबल'ला काही अडत नाही (ही पुस्तकं खाली येतीलच). 'लाँगबोर्न' मात्र मूळ वाचल्याशिवाय घेऊ नका, निम्मी मजा जाईल. आणि 'वाइड सार्गासो सी'च्या आधी 'जेन एअर' वाचाच वाचा, आधी जेनच्या बाजूने माळ्यावर कोंडलेल्या त्या बाईला घाबरून झालं असेल तरच नंतर लागतं ते. ऑस्टेन-ब्रॉन्टेंची मूळ पुस्तकं सगळी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहेत, फोनवर पण वाचता येतात.

शंभर रीटेलिंग आहेत, चांगलं कुठलं आणि टाइमपास कुठलं ते कसं ओळखायचं?

माझी एकच कसोटी आहे, मुळात काय अडत होतं ते बघायचं आणि नव्या पुस्तकात त्या जागी लेखकाने काय ठेवलंय ते बघायचं.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या. बेनेट बाईंचं सारखं लग्न लग्न चालू असतं म्हणून आपण हसतो, पण जरा हिशोब मांडून बघा. वडिलांचं उत्पन्न वर्षाला 2000 पौंड, चांगलंच आहे, पण घर आणि जमीन पाचपैकी एकाही मुलीला मिळणार नाही, पुरुष वारसाकडे म्हणजे कॉलिन्स नावाच्या नातेवाइकाकडे जाणार. एलिझाबेथच्या नावावर काय, तर आई गेल्यावर 1000 पौंड, 4 टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला 40 पौंड. आणि हे कॉलिन्स तिला कधी ऐकवतो तर मागणी घालताना, वर म्हणतो की लग्नानंतर यावरून मी कधी टोमणा मारणार नाही! समोर डार्सी, वर्षाला 10,000 वाला. आता तिने आधी कॉलिन्सला आणि मग डार्सीला पहिल्या वेळी नाही म्हणणं किती मोठी गोष्ट आहे ते कळतं. चाळीस पौंडांवर उभी राहून ती नाही म्हणतेय.

आता हीच मुलगी 2020 च्या न्यूयॉर्कमध्ये आणून मार्केटिंगच्या नोकरीला लावली, स्वतःचा फ्लॅट दिला, की तिच्या नकारात काय उरलं? एक उद्धट माणूस पार्टीत काहीतरी बोलला आणि हिला राग आला, बस. मग तीनशे पानं नुसती नोकझोक. अशी पुस्तकं खूप आहेत, कव्हर गोड असतं, पात्रांची नावं डार्सी आणि त्याचा मित्र बिंगली यांच्यावर बेतलेली असतात, वाचून झालं की आठवत काही नाही.

ज्यांनी अडथळा नीट शोधला त्यांची पुस्तकं टिकतात. सोनिया कमालचं 'अनमॅरिजेबल' (2019) 2000-2001 च्या पाकिस्तानात आहे, दिलीपाबाद नावाच्या काल्पनिक गावात, ॲलिस बिनत तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि तिच्या वर्गातल्या मुली लग्न ठरलं म्हणून शाळा सोडून जातायत. काकाने इस्टेट लाटलीय, आईच्या माहेराबद्दल कोणीतरी अफवा उठवलीय, त्यामुळे मुलींची स्थळं अडलीयत. यातलं काही समजावून सांगावं लागतं का आपल्याला? इब्बी झोबोईचं 'प्राइड' (2018) ब्रुकलिनच्या बुशविकमध्ये आहे, झुरी बेनितेझच्या घरासमोर श्रीमंत डार्सी कुटुंब राहायला येतं, दोघं कृष्णवर्णीयच, पण वस्तीचे भाव वाढतायत आणि जुन्या लोकांना तिथून उठावं लागणार ही तिची धास्ती. तिचा राग नुसत्या मुलावर नाहीये, तो मुलगा ज्या पैशांबरोबर आलाय त्यावर आहे. टीनएजर्ससाठीचं पुस्तक आहे पण कसोटीला उतरतं.

'एलिजिबल'बद्दल लोक टोकाची मतं देतात, तुमचं काय?

कर्टिस सिटेनफेल्ड, 2016. हार्पर कॉलिन्सने ऑस्टेनच्या कादंबऱ्या आजच्या लेखकांकडून नव्याने लिहून घ्यायचं ठरवलं होतं त्यातलं हे. सिनसिनाटी शहर, लिझ 38 ची, जेन चाळिशीला टेकलेली, बिंगली डॉक्टर आणि टीव्हीवरच्या वधूशोध शोमधून आलेला, डार्सी न्यूरोसर्जन. वय वाढवणं ही हुशारी आहे, कारण आजच्या अमेरिकेत विशीतल्या मुलीच्या लग्नाची घाई कोणालाच नसते पण चाळिशीत मूल हवं की नको हा प्रश्न खरोखर घड्याळ लावून बसलेला असतो. वडिलांच्या दवाखान्याची बिलं आणि खिळखिळं होत चाललेलं घर, हेही जमलंय. पण लिझकडे नोकरी आहे, ती कुठेही जाऊ शकते, त्यामुळे शेवटी शेवटी पुस्तक सुटत जातं असं मला वाटतं. तरी हसवतं भरपूर. माझ्या मैत्रिणीला अजिबात आवडलं नाही, ती म्हणते ऑस्टेन असं बोलली नसती, अगं पण ऑस्टेन नाहीच आहे ती.

आता मोबाईल आहेत, मग गैरसमज महिनोन्महिने टिकतात कसे? पटत नाही.

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि मला तो चुकीचा वाटतो. ऑस्टेनकडे गैरसमज निरोप न पोचल्यामुळे होतच नाहीत. डार्सी आपलं पत्र रोझिंग्स नावाच्या हवेलीच्या बागेत एलिझाबेथच्या हातात स्वतः देतो. तिच्याच 'पर्स्वेजन'मध्ये तर कॅप्टन वेंटवर्थ ते प्रसिद्ध पत्र लिहितो तेव्हा नायिका ॲन त्याच खोलीत आहे, बाथच्या खानावळीत, चार पावलांवर, दुसऱ्या माणसाशी बोलतेय आणि हा टेबलाशी बसून तिचं बोलणं ऐकत ऐकत लिहितोय. माणसं समोरासमोर आहेत आणि बोलता येत नाहीये. त्याला व्हॉट्सॲप काय करणार? ब्लू टिक दिसूनही उत्तर न देणारे आपल्या ओळखीचे किती आहेत मोजा.

आळशी लेखक मात्र फोन हरवतात, नाहीतर चार्जिंग संपवतात. तिथे पुस्तक मिटायला हरकत नाही.

प्रत्येक पुस्तकात डार्सीच का? कंटाळा आला.

थोडा दोष 1995 च्या बीबीसी मालिकेचा. कॉलिन फर्थ त्यात डार्सी होता आणि त्याच वर्षी हेलन फील्डिंगचा ब्रिजेट जोन्सचा कॉलम 'द इंडिपेंडंट'मध्ये सुरू झाला, 1996 ला पुस्तक आलं, त्यात हिरोचं नाव मार्क डार्सी, आणि 2001 च्या सिनेमात मार्क डार्सी कोण तर परत कॉलिन फर्थ. पुस्तकातली ब्रिजेट स्वतः ती मालिका बघत असते, असा सगळा गुंता. या दोघांची पहिली भेट पण मस्त आहे, नवीन वर्षाच्या दिवशी आईच्या मैत्रिणीकडे टर्कीच्या करीचं जेवण, सगळ्या काकवा मिळून दोघांना एकमेकांसमोर उभं करतायत आणि तो विचित्र स्वेटर घालून पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभा. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात आणि यात फरक फक्त पोह्यांचा.

डार्सीचा कंटाळा आला असेल तर ऑस्टेनच्याच 'एमा'वरची पुस्तकं घ्या, तिथे हिरॉइनच शिष्ट असते.

नोकरांच्या बाजूने लिहिलेलं एक आहे म्हणे?

'लाँगबोर्न', जो बेकर, 2013. या यादीतलं माझं सगळ्यात आवडतं, म्हणून जरा सविस्तर.

मूळ पुस्तकात एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखलातून चालत जाते, तिच्या परकराला सहा इंच चिखल लागलेला असतो, बिंगलीच्या बहिणी नाकं मुरडतात आणि आपण म्हणतो वा काय स्वतंत्र मुलगी आहे. बेकर विचारते, तो परकर धुतला कोणी? तिची नायिका सारा, बेनेटांच्या घरची मोलकरीण, पहाटे उठून थंडीत पाणी काढणारी, हात फुटलेले. पुस्तक सुरूच होतं धुण्याच्या दिवसाने.

दुसरी जागा तर अजून भारी. मुळात एक बारकं वाक्य आहे, पाऊस इतके दिवस लागून राहिला की बिंगलीच्या नेदरफील्डच्या घरातल्या नाचासाठी बुटांवर लावायच्या फिती-फुलंसुद्धा दुसऱ्या कोणाला तरी पाठवून आणवावी लागली. कोणाला पाठवलं ते ऑस्टेन सांगत नाही, तिला गरजच वाटली नाही. बेकर त्या पावसात साराला पाठवते. मूळ पुस्तकात नुसत्या दोन-चार शब्दांत गेलेली ती भिजलेली बाई इथे अख्ख्या कादंबरीची नायिका होते आणि लाडक्या लिझीकडे बघायची आपली नजर कायमची जराशी बदलते. साराची प्रेमकथापण आहे, जेम्स नावाच्या घरगड्याबरोबर, आणि बिंगलींचा पैसा साखरेतून म्हणजे गुलामांच्या कष्टातून आलाय हेही लेखिका लपवत नाही.

'वाइड सार्गासो सी' रोमान्स आहे का?

नाही! गिफ्ट द्यायला तर मुळीच घेऊ नका. जीन ऱ्हीस स्वतः कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेली, 1939 नंतर तिची कादंबरीच आली नव्हती, आणि मग 1966 मध्ये हे आलं. 'जेन एअर'मध्ये नायक रॉचेस्टरने पहिली बायको वेडी म्हणून माळ्यावर कोंडलेली असते, जमैकाहून 30,000 पौंडांच्या हुंड्यासकट आणलेली. ऱ्हीसने तिला बालपण दिलं, आँत्वानेत हे नाव दिलं, आणि नवरा तिचं नाव बदलून बर्था करतो ते दाखवलं. लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत पिढ्यान् पिढ्या बघितलेल्या आपल्याला तो भाग वाचताना जरा जास्तच टोचतो.

आणि 'वुदरिंग हाइट्स'?

त्यावरची दोन सांगते. मिनाए मिझुमुराची 'अ ट्रू नॉव्हेल', मूळ जपानी 2002 ची, इंग्रजीत 2013 ला आली. एमिली ब्रॉन्टेच्या मूळ नायकाच्या, हीथक्लिफच्या जागी तारो अझुमा, महायुद्धानंतरच्या जपानमधला गरीब पोरगा, अमेरिकेत जाऊन प्रचंड पैसा करून परत येतो, आणि गोष्ट सांगते ती फुमिको नावाची घरकाम करणारी बाई. जाडजूड आहे, सुट्टी काढून वाचा. दुसरी मरीस काँडेची 'विंडवर्ड हाइट्स', मूळ फ्रेंच 1995, ग्वाडलूप बेटावर घडते आणि हीथक्लिफ तिथे कृष्णवर्णीय आहे.

हे उगाच आणलेलं नाही बरं का. मूळ पुस्तकातच हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला सावळा पोरगा आहे आणि शेजारचे लिंटनसाहेब त्याला बघून म्हणतात की हा लास्कर दिसतोय किंवा अमेरिकन नाहीतर स्पॅनिश बेवारस. लास्कर म्हणजे तेव्हा इंग्रजी जहाजांवर राबणारे आपल्याकडचे आणि आसपासचे आशियाई खलाशी. तो हिंदुस्थानी असू शकतो ही शक्यता एमिलीने 1847 मध्येच सोडून ठेवलीय आणि त्यावर कोणीतरी कोकण किनाऱ्यावरून सुरू होणारी झक्कास कादंबरी लिहावी अशी माझी फार इच्छा आहे.

देशी पात्रं असलेली अजून कुठली?

उझ्मा जलालुद्दीनची 'आयेशा ॲट लास्ट' (2018) टोरांटोत आहे, आयेशाचं कुटुंब मूळ हैदराबादचं, श्रीमंत मामाचे उपकार डोक्यावर, ती बदली शिक्षिका आणि कविता करणारी. खालिद दाढी ठेवणारा, लांब झगा घालणारा, आई ठरवेल त्या मुलीशी लग्न करणार म्हणणारा. त्याच्या कपड्यांवरून ऑफिसमधली बॉस त्याला छळते. म्हणजे इथे डार्सीबद्दलचा पूर्वग्रह फक्त आयेशाच्या मनात नाहीये, अख्ख्या शहराच्या मनात आहे. फारच छान केलंय.

महेश राव यांची 'पोलाइट सोसायटी' (2018) म्हणजे दिल्लीच्या अतिश्रीमंतांमधली 'एमा', नायिका आनिया खुराना. मुळापेक्षा कडू आहे, गोड शेवटाच्या आशेने घेऊ नका.

आणि सोनाली देव, हिच्या चार पुस्तकांच्या मालिकेतलं कुटुंब चक्क राजे आडनावाचं, संस्थानिकांचे वंशज, आता कॅलिफोर्नियात. पहिलं 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' (2019), त्यात उलटापालट अशी की गर्विष्ठ डार्सी म्हणजे मुलगी, न्यूरोसर्जन डॉ. तृषा राजे, आणि समोर शेफ डीजे, ज्याच्या बहिणीच्या मेंदूत ट्यूमर आहे आणि ऑपरेशन केलं तर तिची नजर जाणार, आणि ती बहीण चित्रकार. अडथळा म्हणजे असा पाहिजे. दुसरं 'पर्स्वेजन'वर, तिसरं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर, चौथं 'एमा'वर. कुटुंब मोठं आहे, पहिल्या पन्नास पानांत कोण कोणाची चुलत बहीण ते लिहून ठेवा.

झोम्बीवालं वाचू का?

'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झोम्बीज', 2009. मजकूर बराचसा ऑस्टेनचाच, मध्ये मध्ये सेथ ग्रॅहम-स्मिथने मढी घुसवलीयत, कव्हरवर दोघांची नावं. पहिली तीस पानं धमाल, नंतर एकच जोक. लायब्ररीतून मिळालं तर बघा.

आईला/सासूबाईंना द्यायचंय, नको ते सीन्स नकोत.

'आयेशा ॲट लास्ट' आणि 'अनमॅरिजेबल' बिनधास्त द्या. 'एलिजिबल' आणि ब्रिजेट जोन्स देऊ नका, किंवा द्या, आपल्या आया आपल्याला वाटतात तेवढ्या भोळ्या नसतात.

मुलगे वाचतात का हे?

वाचतात की. कबूल कमी करतात. पी. डी. जेम्सचं 'डेथ कम्स टू पेम्बर्ली' (2011) हातात द्या, डार्सीच्या जंगलात खून आणि संशय मूळ पुस्तकातल्या लफंग्या विकहॅमवर, रोमान्स वाचतोय हे कोणाला कळणारही नाही.

मला मराठीत असं काहीतरी लिहायचंय, कुठलं घेऊ?

'पर्स्वेजन' घ्या. डोळे मिटून घ्या. ॲन 19 वर्षांची असताना तिला वेंटवर्थ आवडतो, तो नौदलात, खिशात पैसा नाही, आणि आईच्या जागी असलेल्या लेडी रसेल तिला समजावतात की नको, आणि ती ठरलेलं लग्न मोडते. आठ वर्षांनी तो पैसेवाला होऊन परत येतो, ती 27 ची, आणि तिच्या वडिलांनी इतकं कर्ज करून ठेवलंय की राहतं घर भाड्याने द्यावं लागतंय. याला आपल्याकडे जागा शोधायची गरजच नाही. मुलगा मर्चंट नेव्हीत, मावशी म्हणते सहा-सहा महिने बोटीवर असणारा नवरा काय कामाचा आणि घरची परिस्थिती तरी काय आहे त्यांची. आठ वर्षांनी सदाशिव पेठेतला हप्ते थकलेला फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरतो आणि बघायला येते ती त्याची बहीण. वडील नावापुढे अजून 'श्रीमंत' लावतात आणि वीजबिल मुलगी भरते.

फक्त मावशीला खलनायिका करू नका. मूळ पुस्तकात ॲन शेवटी वेंटवर्थला सांगते की तो सल्ला मी कोणाला दिला नसता, पण मी तेव्हा तिचं ऐकलं ते बरोबरच केलं. हे वाक्य मराठी कादंबरीत त्या मुलीच्या तोंडी खरं वाटेल इतकी मावशी चांगली लिहिता आली पाहिजे, म्हणून मुलाच्या आधी तिच्यावर काम करा, तिचं लग्न कसं झालं, तिला कोणी काय सांगितलं होतं, तिच्याकडे स्वतःचे पैसे किती होते, हे सगळं वहीत लिहून काढा आणि मगच बोट बंदरात आणा.